न चालणाऱ्या प्रोग्रामचं पान

अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात गेल्या वर्षी एक मुलगी माझ्या शेजारी उभी होती. "प्रोग्रॅमिंगचं पुस्तक द्या ना, अगदी पहिल्यापासून शिकायचंय." दुकानदारानं सवयीनं विचारलं, "कितवं सेमिस्टर?" ती म्हणाली, "सेमिस्टर नाही काका, मी कॉमर्सची. मला स्वतःसाठी हवंय." काका घुटमळले. फळीवरचं प्रत्येक पुस्तक कुठल्या ना कुठल्या अभ्यासक्रमाचं होतं. नुसतं शिकायचंय म्हणणाऱ्याला त्यातलं काय काढून द्यावं, हे त्यांना सुचेना.

आपल्याकडे पहिलं पुस्तक परीक्षा निवडते, हे तर झालंच. पण परीक्षा बाजूला ठेवली तरी नवख्यानं पुस्तक पारखावं कसं, हा प्रश्न उरतोच. माझी कसोटी एकच आहे. पुस्तक हातात आलं की मी त्यात न चालणारा प्रोग्राम कितव्या पानावर आहे ते शोधतो. नवख्याचा बहुतेक वेळ न चालणाऱ्या प्रोग्रामसमोरच जातो. सेमीकोलन राहतो, कंस उघडा राहतो, नावात एक अक्षर चुकतं. अशा वेळी पुस्तक शेजारी बसतं का, हे मला पाहायचं असतं.

हे मी भोगून शिकलो. कॉलेजच्या पहिल्या वर्षी, टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर, पगाराचा प्रोग्राम लिहिला होता. पुस्तकातल्या पाच हजारांच्या पगाराला तो नीट चालला. मी चाळीस हजार टाकले आणि उत्तर आलं उणे २५,५३६. दोन दिवस मी तो प्रोग्राम ओळीओळीनं पुस्तकाशी ताडून पाहिला. फरक एका स्वल्पविरामाचाही नव्हता. कारण साधं होतं. त्या कंपायलरमध्ये 'इंट'ला दोनच बाइट मिळत; ३२,७६७च्या पुढे आकडा गेला की तो फिरून उणेत जाई. गंमत नाही, दुःख याचं की ही मर्यादा सांगणारा तक्ता मला तोंडपाठ होता. तो पुस्तकात होता, दोन गुणांसाठी. त्या तक्त्याचा माझ्या उणे पगाराशी संबंध आहे, हे सांगणारी ओळ मात्र कुठेच नव्हती.

या कसोटीवर नावाजलेली पुस्तकं लावली की मजेशीर निकाल लागतात. कर्निगन आणि रिची यांचं 'द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज' १९७८चं, दुसरी आवृत्ती १९८८ची. ते अगदी कोऱ्या माणसासाठी नाही, असं लेखकांनीच प्रस्तावनेत सुचवलंय. तरी ज्येष्ठ मंडळी ते नवख्याच्या हातात देतातच, आणि मुलं चाळीस पानांत दमतात. पण त्यातला पहिलाच स्वाध्याय पाहा. 'हॅलो वर्ल्ड'चा प्रोग्राम चालवा आणि मग त्याचे तुकडे काढून टाकून कोणते एरर येतात ते बघा, असं तो सांगतो. बिघडवून पाहणं हाच पहिला धडा. मागून आलेल्या कित्येक जाडजूड पाठ्यपुस्तकांनी 'हॅलो वर्ल्ड' तेवढं उचललं आणि हा स्वाध्याय सोडून दिला. माझ्या मते हे मोठं नुकसान झालं.

नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी'वर आपल्या इंजिनिअरांच्या पिढ्या वाढल्या. आज त्याला नावं ठेवायची फॅशन आहे. मला ते अन्यायाचं वाटतं. समोर बसून बोलल्यासारखं त्यांचं इंग्रजी आपल्या मुलांना झेपलं, आणि प्रकरणाखाली 'यातली चूक दाखवा' असे प्रश्न त्यांनी आवर्जून घातले. त्यांचा सुरुवातीचा प्रोग्रामही सरळव्याजाचा: मुद्दल १,०००, मुदत ३ वर्षं, दर साडेआठ टक्के. हे गणित आपल्या मुलानं शाळेत केलेलं असतं, त्यामुळे त्याचं सगळं लक्ष भाषेकडे राहतं. माझी तक्रार क्रमाबद्दल आहे. आधी अक्षरं, मग शब्द, मग वाक्यं, या शाळेच्या व्याकरणाच्या वाटेनं ते पुस्तक जातं. बोलायला शिकणारं मूल त्या वाटेनं जात नाही. शिवाय जुन्या आवृत्त्या रद्दीच्या भावात सहज मिळतात; त्यांतलं १६ बिटांचं जग आता उरलेलं नाही.

आज नवख्याला बहुतेक जण पायथन सुचवतात, आणि मला ते पटतं. ॲलन डाउनी यांच्या 'थिंक पायथन'चं मूळ १९९९मध्ये आहे. त्यांच्या वर्गात नापासांचं प्रमाण फार होतं, जाड पुस्तक मुलं वाचत नव्हती; म्हणून त्यांनी रोज एक प्रकरण अशा बेतानं तेरा दिवसांत एक बारीक पुस्तक लिहिलं, तेही जावासाठी. मग व्हर्जिनियातल्या एका शाळाशिक्षकानं ते पायथनमध्ये नेलं. 'थिंक पायथन'मध्ये प्रकरणाच्या शेवटी चुका शोधण्यावर स्वतंत्र भाग येतो. अल स्वाइगार्ट यांचं 'ऑटोमेट द बोरिंग स्टफ' तर पहिल्याच प्रकरणात अक्षरांत आकडा मिळवून मुद्दाम एरर आणून दाखवतं. एरिक मॅथिस यांच्या 'पायथन क्रॅश कोर्स'मध्येही व्हेरिएबलचं नाव जाणूनबुजून चुकवलेलं आहे. पहिली दोन नेटवर फुकट वाचता येतात. कॉमर्सच्या त्या मुलीला मी स्वाइगार्टचं नाव लिहून दिलं. फायली आणि एक्सेलची कामं त्यात आहेत, तिला ती आपली वाटतील.

दुसरं टोक म्हणजे आयआयटी मुंबईच्या अभिराम रानडे यांचं सी++चं पुस्तक. त्यात सुरुवातीलाच पडद्यावर एक कासव रेघ ओढतं: शंभर पावलं पुढे, नव्वद अंश वळ, असं चार वेळा. नव्वदच्या जागी ऐंशी लिहिलं तर चौकोन मिटत नाही, उघडा राहतो. चूक डोळ्यांना दिसते, आणि ती समजायला इंग्रजी लागत नाही. अडचण एवढीच की त्यासाठीची लायब्ररी घरच्या मशीनवर चढवताना एकट्या नवख्याचा जीव मेटाकुटीला येतो.

आता अनेक जण विचारतात की चॅटबॉट असताना पुस्तक कशाला. चॅटबॉटला बिघडलेला प्रोग्राम दिला की दुरुस्त झालेला हातात येतो, पण मधलं शोधणं आपल्या वाट्याला येत नाही. पहिले दोन महिने तरी ते शोधणं स्वतः करावं, असं मी आग्रहानं सांगतो. मशीनचे निरोपही आता सुधारलेत: २०२१मध्ये आलेल्या पायथन ३.१०पासून कुठला कंस बंद व्हायचा राहिला हे ते नेमकं सांगतात. त्याआधी छापलेल्या पुस्तकांतले काही निरोप म्हणून आता जुळत नाहीत. आवृत्तीचं साल पाहूनच घ्या.

आणि मराठीत? आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठी आवाजात ऐकता येतात, तो मोठा आधार आहे. पडद्यावरची अक्षरं मात्र इंग्रजीच राहतात, आणि एररही. "रन मारला, लूप फिरतच राहिला, व्हेरिएबलचं नाव चुकलं" हे आपल्या लॅबमधलं मराठी छापलेल्या मजकुरात जवळजवळ येतच नाही. तिथे चल, आज्ञावली आणि कर्मणी प्रयोग भेटतात. मी सध्या त्या बोलीत काही पानं लिहून पाहतो आहे. पहिल्या पानावर कानेटकरांचेच आकडे घेतलेत, पण भागिले शंभर मुद्दाम गाळलंय. प्रोग्राम विनातक्रार चालतो, एकही एरर येत नाही, आणि हजार रुपयांवर तीन वर्षांचं व्याज निघतं २५,५०० रुपये. खाली ओळ आहे: "सावकार सोडून कुणाला हे पटेल? शोधा."