उताऱ्याबाहेरचं इंग्रजी

आजच्या व्याख्यानाचं शीर्षक पत्रिकेत जरा लांबलचक छापलंय: इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना इंटरनेटवरची माहिती शोधायला आणि पारखायला कसं शिकवावं. माझ्या डोळ्यांसमोर आपल्या भंडारा जिल्ह्यातली मुलं आहेत. तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी या तालुक्यांतली. घरी झाडीबोली, शाळेत पुस्तकी मराठी, बाजारात हिंदी आणि मोबाईलवर इंग्रजी. माझी तक्रार सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला पूर्ण वेळ ती तपासता येईल. आपण या मुलांना इंग्रजी वाचायला शिकवतो आणि त्याच तासाला, नकळत, छापलेलं इंग्रजी खरं मानायलाही शिकवतो.

हे कसं होतं ते बघू. महाराष्ट्रात सन 2000 पासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. म्हणजे दहावीला बसणारा मुलगा दहा वर्षं ही भाषा शिकलेला असतो. या दहा वर्षांत त्याचा सगळ्यात जास्त सराव कशाचा होतो? उताऱ्याचा. कृतिपत्रिकेत उतारा येतो, खाली कृती येतात. चूक की बरोबर ते सांगा, आकृती पूर्ण करा, शब्दार्थ लिहा, व्याकरण करा आणि शेवटी स्वतःचं मत मांडा. शिक्षक सांगतात, "अरे, उत्तर उताऱ्यातच आहे, नीट शोध." परीक्षेपुरता हा सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. उतारा तज्ज्ञांनी निवडलेला असतो, त्यात उत्तर असणार याची हमी असते, आणि बाहेरचं काही लिहिलं तर गुण जातात.

पण मोबाईलच्या पडद्यावरचं पान हा उतारा नसतो, बरं का. ते कुणी आपल्यासाठी निवडलेलं नसतं. उत्तर त्यातच असेल याची हमी नसते. आणि ते पान खरं बोलतंय का, हे त्या पानात बघून कळत नाही. त्यासाठी पानाच्या बाहेर जावं लागतं. दहा वर्षं आपण ज्या सवयीसाठी गुण दिले, नेमकी तीच सवय इथे आडवी येते. शेवटच्या कृतीत आपण विचारतो, "तुला काय वाटतं?" त्याआधीचा प्रश्न, "हे तुला कोण सांगतंय?", आपण सहसा विचारतच नाही.

आता उदाहरणं आपल्याच जिल्ह्यातली घेऊ. समजा, नववीच्या मुलीला प्रकल्प दिला: आपल्या जिल्ह्याची माहिती इंग्रजीत लिही. ती पवनीपासून सुरुवात करते. पवनीला जुने बौद्ध स्तूप आहेत, 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तिथे उत्खनन केलं, हे तिला शोधायचंय. ती मराठी उच्चाराप्रमाणे रोमन अक्षरांत 'पी-ए-व्ही-ए-एन-आय' असं टाइप करते. पडद्यावर येतात मुलींची नावं आणि त्यांचे अर्थ. कारण सरकारदरबारी पवनीचं स्पेलिंग 'पी-ए-यू-एन-आय' असं आहे. एवढ्याशा फरकानं अख्खं गाव गायब! नुसतं 'भंडारा' टाकलं तर महाप्रसादाच्या पंगतीही येणार आणि देहूजवळचा तुकोबांचा डोंगरही येणार. शोधताना शब्दासोबत जिल्हा, राज्य, नदी जोडायची असते. इंग्रजीच्या तासाला हे शिकवायला काय हरकत आहे?

पुढे ती गोसीखुर्दकडे वळते. वैनगंगेवरच्या या धरणाचं अधिकृत नाव इंदिरा सागर. ती इंग्रजीत 'इंदिरा सागर डॅम' असं शोधते. समोर माहिती येते, तीही अचूक, सरकारी, शुद्ध इंग्रजीतली. फक्त ते धरण मध्य प्रदेशात खंडवा जिल्ह्यात, नर्मदेवर आहे. या पानावर एकही चूक नाही, तरी तिच्या वहीत गेलेलं प्रत्येक वाक्य चुकीचं! आपल्या वाचनाच्या कसोटीत मात्र ती पैकीच्या पैकी गुण मिळवेल, कारण उतारा तिला नीट समजलाय.

तिसरा मुद्दा लोकसंख्येचा. 1991 च्या जनगणनेत भंडारा जिल्हा 21 लाखांच्या वर होता. 2011 मध्ये 12 लाख. दोन्ही आकडे खरे आहेत. मुलगी इंग्रजीत लिहिते की वीस वर्षांत निम्मी माणसं जिल्हा सोडून गेली. गेली कुठेच नाहीत हो! 1 मे 1999 ला गोंदिया वेगळा जिल्हा झाला. आकड्याशेजारी साल बघायचं आणि त्या साली जिल्ह्याची हद्द कुठवर होती ते बघायचं. ही पारख करायला अवघड इंग्रजी लागत नाही. कधीची गोष्ट, कुठली गोष्ट, एवढे दोन प्रश्न लागतात.

आता ज्या शाळांत इंटरनेटवरची माहिती तपासायला शिकवतात, त्यांच्याकडे वळू. तिथे बहुतेक एक यादी देतात. अशी सगळ्यात गाजलेली यादी 2004 मध्ये कॅलिफोर्नियातल्या चिको इथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातून आली. माहिती ताजी आहे का, कामाची आहे का, लेखक कोण, अचूक आहे का, हेतू काय, अशा पाच कसोट्या. यादी वाईट नाही. पण वर्गात तिचं काय होतं? मुलं त्याच पानावर बसून पाच रकाने भरतात. पुन्हा उताराच! त्यातच सोपा उपाय म्हणून सांगितलं जातं की व्याकरणाच्या चुका दिसल्या तर साइट खोटी समजा. आता मला सांगा, जो मुलगा स्वतः व्याकरण शिकतोय, तो दुसऱ्याच्या व्याकरणावरून खरं-खोटं कसं ओळखणार? आणि 2024 पासून तर भारतात गुगलच्या शोधात सर्वात वर एआयनं लिहिलेला सारांशही दिसू लागला. त्याचं इंग्रजी आपल्या सगळ्यांपेक्षा शुद्ध असतं. माहिती चुकली तरी व्याकरण चुकत नाही.

भाषा चांगली येणारेसुद्धा यात कसे फसतात याचा एक अभ्यास आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी तो 2017 मध्ये मांडला. त्यांनी 45 जणांना बसवलं: 10 इतिहासाचे पीएचडीधारक, 10 व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि 25 विद्यार्थी. बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची संकेतस्थळं दाखवली. एक 1930 सालची, देशातली मोठी, मान्यताप्राप्त संघटना. दुसरी तिच्यातून 2002 मध्ये फुटून निघालेला छोटा गट. नावं जवळपास सारखी, अगदी आपल्या दोन इंदिरा सागरांसारखी. विद्यार्थी छोट्या गटाच्या नीटनेटक्या पानाला भुलले. इतिहासकारही गोंधळले, त्यांतल्या अनेकांना दोन्ही विश्वासार्ह वाटल्या. तथ्य-तपासनीस मात्र एकही फसला नाही. त्यांनी केलं काय? पान वाचत बसले नाहीत. नवी खिडकी उघडली आणि या संघटनेबद्दल दुसरे काय म्हणतात ते पाहिलं. याला आपण आडवं वाचन म्हणू. सोयरीक जुळवताना आपण काय करतो? पाहुण्यांनी स्वतःबद्दल सांगितलेलं ऐकून घेतो, चहा घेतो आणि मग त्यांच्या गावात चौकशी करतो. तीच रीत.

यातून माझा मुख्य मुद्दा निघतो. शिक्षकांचं म्हणणं असतं, "सर, पोरांना साधा परिच्छेद वाचता येत नाही, पारखायचं कुठून शिकवता?" अडचण खरी आहे, तिला हसण्यावारी नेऊ नये. पण क्रम उलटा लागलाय. पान पूर्ण समजून घ्यायला भरपूर इंग्रजी लागतं. ते कुणाचं आहे हे शोधायला थोडकं पुरतं: नाव, तारीख, ठिकाण, पत्ता. कच्चं इंग्रजी असलेल्या मुलालाच ही युक्ती आधी द्यायला हवी. सगळं वाचून शहाणं होण्याची चैन त्याला परवडत नाही.

पत्त्याचंच बघा. आपल्या जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळाचा पत्ता 'भंडारा डॉट जीओव्ही डॉट इन' असा आहे. शेवटी 'जीओव्ही डॉट इन' हे फक्त सरकारी संस्थांना मिळतं. 'डॉट इन', 'डॉट कॉम', 'डॉट ओआरजी' पैसे भरून कुणीही घेऊ शकतं. म्हणून पत्ता पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी कशानं संपतो ते बघायचं. मध्येच कुठे 'जीओव्ही' घुसवलं असेल तर त्याला अर्थ नाही. पाच मिनिटांचा धडा आहे हा. आणि त्यावर काय अवलंबून आहे बघा. आपल्याकडची मुलं दहावी-बारावीनंतर भरतीच्या जाहिराती शोधतात. राजमुद्रा लावलेली, कडक इंग्रजीतली जाहिरात येते, खाली लिहिलेलं असतं की नोंदणी शुल्क भरा. सरकारी योजनांच्या नावानं निघालेल्या अशा बनावट भरती संकेतस्थळांबद्दल केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचा तथ्य-तपासणी विभाग 2019 पासून वेळोवेळी सावध करत आलाय. जाहिरातीतलं इंग्रजी मुलाला समजतं, म्हणूनच तर तो पैसे भरतो. धानाच्या पैशातून बापानं काढून दिलेले ते पैसे असतात.

शेवटची टीका, आणि ती काही जणांना बोचेल. इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायचं नाही, हा आपल्याकडे दर्जाचा पुरावा समजला जातो. बोलण्याच्या सरावासाठी एखादा तास तसा ठेवा, माझी ना नाही. पण पारख करायच्या तासाला हा नियम घातक आहे. आपल्या मुलांकडे मराठी आहे, हिंदी आहे, म्हणजे तीच गोष्ट तीन भाषांत पडताळायची सोय आहे. फक्त इंग्रजी येणाऱ्याकडे ती नाही. इंग्रजी विकिपीडियात साठ लाखांहून जास्त लेख आहेत, मराठीत लाखाच्या घरात. म्हणून इंग्रजीकडे जावंच लागतं. पण गोसीखुर्दच्या पुनर्वसनाचं काय झालं, हे नागपूरच्या मराठी वर्तमानपत्रांत आणि खुद्द त्या गावांत जास्त सापडेल. आणि शंका? ती माणसाला आपल्या भाषेतच आधी सुचते. "हे काही पटत नाही बा," असं मुलगा म्हणाला, तर त्याला इंग्रजीत बोल म्हणून गप्प करू नका. पारख तिथूनच सुरू झालेली असते.

इथे बसलेल्या आणि पडद्यावरून ऐकणाऱ्या शिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे. पुढच्या आठवड्यातला एक तास द्या. सगळ्यांकडे मोबाईल नसतो, शिक्षकाचा एक पुरे. उतारा वाचून झाला की एक कृती वाढवा: हे कुणी लिहिलं, कधी लिहिलं, आणि दुसरं कोण असंच सांगतं? उत्तर उताऱ्यात सापडणार नाही, हे मुलांना आधीच सांगा. उत्तर मराठीत आलं तरी गुण द्या. मग एक वाक्य इंग्रजीत लिहून घ्या.

आता प्रश्न घेऊ. माझे आकडे तपासून कुणी काही वेगळं सांगितलं, तर ते आधी ऐकू.