बाळापूरच्या रणातला मध्यस्थ

यादवीच्या काळाविषयी लिहिताना इतिहासकाराची लेखणी बहुधा दोन प्रकारच्या माणसांभोवती फिरते. एक जिंकणारा, दुसरा शौर्याने हरणारा. या दोघांच्या मधे उभा राहून तडजोडीची भाषा बोलणारा जो तिसरा माणूस असतो, त्याला मात्र या लेखनात हक्काची जागा मिळत नाही. जिंकणाऱ्याच्या चरित्रात तो कारकून ठरतो आणि हरणाऱ्याच्या चरित्रात संशयित. अकोला जिल्ह्यातील बाळापूरनजीक १० ऑगस्ट १७२० रोजी झालेल्या लढाईत असाच एक माणूस प्राणांतिक जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. त्याचे नाव शंकराजी मल्हार. त्याच्या राजकीय कारकिर्दीचे आपल्या इतिहासलेखनात जे मूल्यमापन झाले, ते कितपत न्याय्य आहे, याचा विचार करण्याचा हा प्रयत्न आहे.

बाळापूर म्हटले की मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरचा किल्ला आणि मिर्झाराजे जयसिंगाच्या नावाने ओळखली जाणारी छत्री डोळ्यांसमोर येते. आज आपण पाहतो तो किल्ला १७५७ मध्ये, म्हणजे या लढाईनंतर सदतीस वर्षांनी पूर्ण झाला. लढाईची आठवण राहिली ती निजामुल्मुल्काच्या उदयातील एक टप्पा म्हणून. ते खरेही आहे, परंतु तेवढेच खरे नाही. त्या दिवशी या भूमीवर दोन यादवींची टोके एकत्र आली होती.

पहिली यादवी मराठ्यांची. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि छत्रपतिपदावरून त्यांचा व ताराबाईंचा संघर्ष सुरू झाला. त्याच वर्षी खेड येथे लढाई झाली आणि १७०८ च्या जानेवारीत साताऱ्यास शाहू महाराजांनी राज्याभिषेक करवून घेतला. तरी दोन गाद्यांचे भांडण शमले नाही. शपथ कोणाची पाळावी, हा प्रश्न प्रत्येक सरदाराच्या दाराशी उभा राहिला. सचिवपदावर असलेल्या शंकराजी नारायणाने ताराबाईंशी घेतलेली शपथ आणि समोर उभा राहिलेला नवा राजा यांच्या कात्रीत सापडून १७०७ मध्येच आत्मघात केला. आपल्या लेखाचा विषय असलेला शंकराजी मल्हार हा त्याच्याहून वेगळा, पण तोही एके काळी सचिवच होता. नामसाम्यामुळे वाचकांनी दोघांची गल्लत करू नये.

दुसरी यादवी मोगलांची. फर्रुखसियर बादशहा आणि त्याला तख्तावर बसविणारे सय्यद बंधू, म्हणजे अब्दुल्लाखान व हुसेन अलीखान, यांच्यात लवकरच वितुष्ट आले. १७१५ मध्ये हुसेन अली दक्षिणेचा सुभेदार म्हणून आला, तेव्हा समोर मराठ्यांच्या फौजा आणि पाठीशी बादशहाची कारस्थाने, असा दुहेरी पेच त्याच्यापुढे होता. या पेचातून वाट काढण्याचा मार्ग त्याला शंकराजीने दाखविला.

शंकराजी शिवकाळात कारकून म्हणून पुढे आला. राजाराम महाराजांनी जिंजीस त्याला सचिवपद दिले. जिंजीच्या वेढ्याच्या काळात तो राज्यकारभार सोडून काशीस गेला आणि पुढे अनेक वर्षांनी हुसेन अलीच्या पदरी दक्षिणेत परतला. मराठ्यांचा जुना सचिव मोगल सुभेदाराचा सल्लागार झाला, एवढ्यावरूनच त्याला फितूर म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्याने नव्या धन्याला सल्ला कोणता दिला, हे पाहिल्याशिवाय तसा निवाडा करता येत नाही. मराठ्यांचे हक्क मान्य करा, म्हणजे मुलखाच्या भरभराटीत त्यांचेही हित गुंतेल. देशात शांतता येण्याचा हाच मार्ग आहे आणि बादशहाशी प्रसंग पडलाच तर हेच लोक तुमच्या पाठीशी उभे राहतील, असे त्याचे म्हणणे होते. एकाच युक्तिवादात दोन्ही पक्षांचे हित मांडण्याची ही हातोटी मुरलेल्या मुत्सद्द्याची होय. साताऱ्यातील जुन्या परिचितांशी त्याचा पत्रव्यवहार होताच. बाळाजी विश्वनाथाशी बोलणी होऊन १७१८ मध्ये तहाची कलमे ठरली.

ती कलमे मुळातून पाहण्यासारखी आहेत. शिवाजी महाराजांच्या काळचे स्वराज्य, खानदेशातील मुलूख वगळून, शाहू महाराजांकडे राहावे. वऱ्हाड, गोंडवण, हैदराबाद व कर्नाटक या भागांत मराठ्यांनी अलीकडे जिंकलेली ठाणी त्यांनाच द्यावीत. औरंगाबाद, वऱ्हाड, खानदेश, बिदर, विजापूर व हैदराबाद या सहा सुभ्यांतून चौथाई व सरदेशमुखी त्यांनी घ्यावी. उलट मराठ्यांनी स्वराज्याबद्दल दहा लाख रुपये पेशकश द्यावी, चौथाईबद्दल पंधरा हजार स्वारांनिशी चाकरी करावी आणि सरदेशमुखीबद्दल मुलखात चोरीदरोड्यांचा बंदोबस्त ठेवावा. शाहू महाराजांच्या मातोश्री येसूबाई व इतर आप्त दिल्लीच्या कैदेत होते, त्यांची सुटका व्हावी. हा तह फर्रुखसियरने नाकारला. पुढे हुसेन अली मराठ्यांची फौज बरोबर घेऊन दिल्लीस गेला. १७१९ च्या फेब्रुवारीअखेर बादशहा पदच्युत झाला, दिल्लीत उसळलेल्या दंग्यात शेकडो मराठे कापले गेले, आणि मार्चमध्ये नव्या बादशहाच्या शिक्क्याने सनदा हाती आल्या. येसूबाई स्वदेशी परतल्या.

या यशाचा मुकुट बाळाजी विश्वनाथाच्या मस्तकी शोभला आणि तो अयोग्य ठिकाणी गेला असे कोणी म्हणणार नाही. परंतु तहाला दोन बाजू असतात. पलीकडच्या बाजूला मराठ्यांची भाषा समजणारा आणि त्यांच्या मागणीची खोली जाणणारा माणूस नसता, तर बाळाजीचे चातुर्य कोणापुढे चालले असते?

शंकराजीविषयी लिहिणाऱ्यांकडे आता वळू. ग्रँट डफने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात त्याचा परिचय मोजक्या वाक्यांत करून दिला आहे. काशीच्या निवृत्त जीवनाचा त्याला कंटाळा आला, म्हणून तो पुन्हा चाकरीत शिरला, असे डफ सांगतो. लगोलग तोच डफ वर दिलेला युक्तिवाद नोंदवितो. म्हणजे हेतू हलका सांगितला, पण विचार भारदस्त सांगितला. कंटाळलेल्या म्हाताऱ्याला असा विचार सुचतो काय, हा प्रश्न डफला पडलेला दिसत नाही. रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्या विवेचनात शंकराजीला अधिक वाव आहे, तथापि तो येतो बाळाजी विश्वनाथाच्या कथेच्या ओघात, उपनदी जशी मुख्य नदीला मिळावी तसा. फार्सी बखरकारांपैकी खाफीखान बाळापूरच्या लढाईत रंगून जातो, पण त्याचा नायक आहे अवघ्या विशीतला आलम अलीखान. हुसेन अलीच्या या पुतण्याच्या भात्यातील बाण संपले, तेव्हा स्वतःच्या अंगात रुतलेले बाण उपसून त्याने ते शत्रूवर सोडले, असे खाफीखान सांगतो. खाफीखानाचा निजामाशी घनिष्ठ संबंध होता. तरी पराभूत वीराला त्याने मुक्त हस्ताने मान दिला. वीराला शत्रूच्या लेखणीतही आदर मिळतो. मध्यस्थाला तो मित्राच्या लेखणीतही मिळत नाही.

येथे इंग्लंडच्या इतिहासातील एक तुलना उद्बोधक ठरेल. सतराव्या शतकात तेथे राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात यादवी झाली. लूशियस केरी, म्हणजे लॉर्ड फॉकलंड, हा १६४० च्या पार्लमेंटाचा सभासद. त्याच्या घरातच ती दुही होती. त्याची आई एलिझाबेथ ही नाटककार. तिने १६२६ मध्ये उघडपणे कॅथलिक श्रद्धा स्वीकारली आणि त्यापायी पतीचा रोष व विपन्नावस्था सोसली. तिच्या चार मुली फ्रान्समधील कांब्रे येथील मठात संन्यासिनी झाल्या आणि त्यांच्यापैकी एकीने आईचे चरित्र लिहिले. मुलगा मात्र प्रॉटेस्टंट राहिला. पार्लमेंटात त्याने प्रथम राजाच्या जुलमी कारभाराविरुद्ध आवाज उठविला. पुढे पार्लमेंटाचा पक्ष मर्यादा ओलांडतो आहे असे वाटून १६४२ च्या जानेवारीत राजाचे सचिवपद पत्करले. त्याच दिवसांत त्याला विश्वासात न घेता राजाने पार्लमेंटाच्या पाच सभासदांना पकडण्याचा फसलेला प्रयत्न केला आणि समेटाची वाट जवळजवळ बंद झाली. २० सप्टेंबर १६४३ रोजी न्यूबरीच्या लढाईत, गोळ्यांचा वर्षाव होत असलेल्या कुंपणाच्या खिंडारात फॉकलंडने घोडा घातला आणि तो तेथेच पडला.

फॉकलंडला एक भाग्य लाभले. त्याचा जिवलग मित्र एडवर्ड हाइड, पुढचा लॉर्ड क्लॅरेंडन, याने यादवीचा इतिहास लिहिला आणि त्यात मित्राचे असे शब्दचित्र रेखाटले की ते इंग्रजी गद्याचे भूषण मानले जाते. मित्रांच्या बैठकीत दीर्घ मौनानंतर शांती हा एकच शब्द पुनःपुन्हा उच्चारणारा, झोप हरवलेला, वेशभूषेविषयी बेफिकीर झालेला फॉकलंड वाचकाच्या मनातून जात नाही. पुढे १८७७ मध्ये मॅथ्यू अर्नल्डने त्याच्यावर निबंध लिहिला आणि ती प्रतिमा अधिकच उजळली. तथापि चिकित्सक वाचकाने विचारले पाहिजे की फॉकलंडने प्रत्यक्ष काय घडवून आणले? तह घडला नाही. राजाचा स्वभाव बदलला नाही. क्लॅरेंडनच्या चित्राचे सामर्थ्य असे की हा प्रश्न आपल्या ओठांवर येतच नाही. फॉकलंडचे चित्र उरले, कार्य उरले नाही. शंकराजीचे कार्य उरले, चित्र नाही.

कार्य उरले, असे म्हणण्यास आधार आहे. १९ जून १७२० रोजी खांडव्याजवळ दिलावर अलीखानाला मारून निजाम वऱ्हाडकडे वळला. ऐन पावसाळा, पूर्णेला पूर. हुसेन अली उत्तरेतून येईपर्यंत समोरासमोरची लढाई टाळावी, हा मराठ्यांचा सल्ला आलम अलीने मानला नाही. बाळापूरनजीक तो मारला गेला. शंकराजी घायाळ होऊन कैद झाला आणि त्या जखमांनीच गेला. दोन महिन्यांत हुसेन अलीचा खून झाला, सय्यदांची सत्ता संपली. ज्या पक्षाशी त्याने तह बांधला होता तो पक्ष नाहीसा झाला, आणि निजाम तर चौथाईचा जुना विरोधक. तरीही १७२८ मध्ये पालखेडच्या पेचानंतर मुंगी-शेवगावच्या तहात चौथाई व सरदेशमुखीचे तेच हक्क निजामाला मान्य करावे लागले. बाजीरावाची तलवार त्यामागे होती हे उघड आहे. पण तलवारीने जे मागितले, त्याचा मसुदा शंकराजी आणि बाळाजी यांनी दहा वर्षांपूर्वीच तयार करून ठेवला होता.

म्हणून शंकराजीला निर्दोष ठरवावे काय? तसेही नाही. त्याच्या कारकिर्दीत दोन गंभीर उणिवा दिसतात. पहिली, त्याने शांततेचा करार एका पक्षाच्या नशिबाशी जोडला. आलम अलीच्या छावणीत तो मध्यस्थ राहिला नव्हता; तो एका पक्षाचा माणूस झाला होता. फॉकलंडचीही गत हीच. यादवी लांबली की मधली जागा आक्रसत जाते आणि मध्यस्थाला शेवटी कोणत्या तरी एका झेंड्याखाली मरावे लागते.

दुसरी उणीव अधिक मोठी, आणि वऱ्हाडातील वाचकाने तर ती विसरू नये. चौथाई म्हणजे शेकडा पंचवीस, सरदेशमुखी म्हणजे शेकडा दहा. या हक्कांची बोलणी झाली ती वसूल करणाऱ्यांमध्ये. देणाऱ्या रयतेला त्या बैठकीत कोणी विचारले नाही. पुढे वऱ्हाडात निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल आला आणि तो १८०३ च्या देवगावच्या तहापर्यंत टिकला. एका शेतावर दोन सरकारांचे हात पडले. लढाया थांबविण्यासाठी केलेल्या वाटणीचा भार नांगरामागे चालणाऱ्याच्या पाठीवर आला. शंकराजीने मुलखाच्या भरभराटीचा मुद्दा मांडला होता खरा, पण ज्यांच्या कष्टातून ती भरभराट यायची त्यांच्यासाठी तहात एकही कलम नव्हते. सरदेशमुखीच्या मोबदल्यातील चोरांचा बंदोबस्त, एवढाच काय तो रयतेला दिलासा.

मध्यस्थाच्या मूल्यमापनासाठी मग कोणती कसोटी लावावी? तो कोणाच्या पदरी होता, एवढ्यावर निवाडा करणे अपुरे आहे. त्याने दोन्ही पक्षांना खरे सांगितले काय, त्याने बांधलेली गोष्ट त्याच्या पश्चात टिकली काय आणि तिची किंमत कोणी मोजली, हे तीन प्रश्न विचारले पाहिजेत. पहिल्या दोन प्रश्नांवर शंकराजी उतरतो, तिसऱ्यावर उतरत नाही. फॉकलंड पहिल्यावर निःसंशय उतरतो आणि दुसऱ्यावर अडखळतो. हा हिशेब काही केवळ सतराव्या-अठराव्या शतकापुरता नाही. भावाभावांच्या वाटणीत, गावाच्या भांडणात, संस्थांच्या तंट्यात जो मधे पडतो त्याला आपण आजही प्रथम विचारतो, तू कोणाचा? त्याने काय मांडले, हे पाहण्याची सवय आपल्या इतिहासलेखकांनी आपल्याला लावली नाही आणि आपणही ती लावून घेतली नाही.

बाळापूरच्या लढाईचे वर्णन यापुढे जे कोणी लिहितील, त्यांनी निजामाचा डावपेच आणि आलम अलीचे शौर्य अवश्य लिहावे. त्याबरोबरच, त्या चिखलात जखमी होऊन पडलेला एक वृद्ध कारभारी होता आणि दोन वर्षांपूर्वी त्याने सहा सुभ्यांच्या शांततेचा मसुदा मांडला होता, हेही दोन ओळींत नोंदवावे. आणि तिसऱ्या ओळीत त्या मसुद्यातून राहून गेलेल्या रयतेचीही नोंद करावी.