‘झोंबी’तील तह

आनंद यादव यांची ‘झोंबी’ (१९८७) ही आत्मचरित्रात्मक कादंबरी वाचून आनंदाच्या बापास खलपुरुष ठरविणारे वाचक पुष्कळ भेटतात. हा निवाडा आम्हांस उतावळेपणाचा वाटतो. लेखकाचा जन्म १९३५ सालचा, कागलचा; त्याचे बालपण दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले. परंतु येथील खरे युद्ध घरातलेच आहे. शाळेस जो पोर हवा, मळ्यासही तोच हवा. कागलच्याच घाटगे घराण्यात जन्मलेल्या शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. परंतु गरीब कुणब्याच्या घरची हातांची वाण हुकुमाने कशी भागावी?

मळ्याचे काम पोरावर टाकून बाप गावात हिंडतो, वर मारतो, हे खरे. पण तो सज्जन असता तरी ही झोंबी टळली नसती. दत्ताजीराव देसायांच्या दटावणीने घडतो तो समेट नव्हे, तह होय. आणि त्याची कलमे बापच घालतो. अकरापर्यंत पिकाला पाणी पाजायचे, शाळा सुटल्यावर तासभर गुरे चारायची, काम निघाले तर शाळा बुडवायची!

मौज अशी की, सौंदलगेकर मास्तरांच्या कविता आनंदाच्या गळ्यात बसतात त्या पाणी पाजतानाच्या याच एकांतात. म्हणजे बापाने लादलेले कामच मुलाच्या काव्याची तालीम झाले. लेखक हे प्रांजळपणे सांगतो, पण बापाच्या खात्यावर जमा करीत नाही. येथे मुलगाच वकील आहे, आणि बापाच्या बाजूने बोलणारा कोणी नाही.