पीएचपीचे पुस्तक कसे पारखावे?



पीएचपी शिकायचे ठरले की दिल्ली परिसरातले विद्यार्थी नई सडकेवर जातात, नाहीतर दरियागंजच्या रविवारच्या पुस्तक बाजारात. हा बाजार २०१९ पासून दिल्ली गेटजवळच्या महिला हाटमध्ये भरतो. दोन्हीकडे जाडजूड पुस्तक स्वस्तात मिळते. जुनी कादंबरी किंवा कलनशास्त्राचे जुने पुस्तक घेतल्याने काही बिघडत नाही. वेबच्या भाषेचे पुस्तक मात्र जुने झाले की चुकीचे शिकवू लागते, आणि त्याची झळ तुमच्यापेक्षा इतरांना जास्त लागते.

चूक दिसते कुठे, लपते कुठे?

जुन्या पुस्तकांत डेटाबेसशी जोडणी ‘मायएसक्यूएल_कनेक्ट’ या फंक्शनने करतात. २०१३ च्या ५.५ आवृत्तीत ही पद्धत कालबाह्य ठरवली गेली आणि डिसेंबर २०१५ च्या ७.० आवृत्तीत काढून टाकली गेली. आजच्या संगणकावर तो प्रोग्रॅम चालतच नाही. ही चूक बरी, कारण ती लगेच दिसते. विद्यार्थी मग फंक्शनच्या नावात एक ‘आय’ वाढवतात, थोडी जुळवाजुळव करतात आणि प्रोग्रॅम चालू लागतो. खरा धोका इथून पुढे आहे. फॉर्ममधून आलेला मजकूर क्वेरीत थेट चिकटवण्याची सवय तशीच राहते, आणि त्याबद्दल संगणक कुरकुर करत नाही.

एक उदाहरण घ्या. महाविद्यालयाच्या महोत्सवासाठी तुम्ही नोंदणीचे पान केले. वसईची एक विद्यार्थिनी डि’सोझा हे आडनाव रोमन लिपीत भरते आणि ‘डी’नंतर अपॉस्ट्रॉफी देते. क्वेरीतला मजकूर त्याच चिन्हाने बंद होत असल्यामुळे नाव मध्येच संपते, उरलेली अक्षरे आज्ञेचा भाग समजली जातात आणि नोंदणी फसते. तिचे काही चुकलेले नाही. पण खोडसाळ माणूस याच फटीतून नावाच्या जागी आज्ञा लिहितो आणि सर्वांचे फोन नंबर वाचू शकतो. यावरचा उपाय म्हणजे प्रिपेअर्ड स्टेटमेंट: त्यात आज्ञा आणि मजकूर वेगवेगळे पाठवले जातात.

दुकानातच करायच्या तीन तपासण्या

१. पुनर्मुद्रणाचे वर्ष पाहू नका. मूळ आवृत्तीचे वर्ष आणि पुस्तक पीएचपीच्या कोणत्या आवृत्तीवर लिहिले आहे ते पाहा.

२. लॉगिनचे प्रकरण उघडा. प्रिपेअर्ड स्टेटमेंट पहिल्या उदाहरणापासून आहे, की शेवटच्या प्रकरणात ‘सुरक्षितता’ म्हणून उरकले आहे?

३. पासवर्ड कसा साठवला आहे ते पाहा. ‘एमडी५’ असेल तर पुस्तक परत ठेवा. ती पद्धत फार वेगवान आहे, म्हणून चोरालाही अंदाज भराभर तपासता येतात. ५.५ आवृत्तीपासून ‘पासवर्ड_हॅश’ उपलब्ध आहे.

काही साधनांविषयी मत

स्टीव्हन होल्झनर यांचे ‘पीएचपी : द कम्प्लीट रेफरन्स’ सोप्या भाषेत आहे, पण ते पीएचपी ५ च्या काळातले. त्यातली चल, लूप आणि ॲरेवरची प्रकरणे वाचा, डेटाबेसपाशी थांबा. रॉबिन निक्सन यांच्या ‘लर्निंग पीएचपी, मायएसक्यूएल अँड जावास्क्रिप्ट’ची पहिली आवृत्ती २००९ ची, सहावी २०२१ ची. नाव एकच असले तरी ही दोन वेगळी पुस्तके समजा. जुन्या बाजारात पहिली मिळाली तर पैसे वाचल्याचा आनंद मानू नका.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचा मोठा गुण म्हणजे भारतीय भाषांतले निवेदन. इंग्रजीची भीती असणाऱ्याने सुरुवात तिथून जरूर करावी, मात्र डेटाबेसच्या धड्यांना वरच्या तपासण्या लावूनच. डब्ल्यूथ्रीस्कूल्सवर वाक्यरचना पटकन सापडते, पण एखादी गोष्ट तशी का करायची हे तिथे फारसे कळत नाही. जोश लॉकहार्ट यांचे ‘पीएचपी : द राइट वे’ मोफत आहे आणि योग्य सवयी सांगते, ते अगदी नवख्यासाठी नाही, पहिल्या दोन महिन्यांनंतर वाचा. पीएचपीची अधिकृत पुस्तिका सर्वांत विश्वासार्ह आहे. फक्त पानाखालच्या वाचकांच्या टिपांची तारीख पाहा; त्यांतल्या काही वीस वर्षांपूर्वीच्या आहेत.

माझा सल्ला

एक अलीकडचे पुस्तक, सोबत अधिकृत पुस्तिका, एवढे पुरे. पाच साधने अर्धवट चाळण्यापेक्षा एक पूर्ण करा. प्रश्नपत्रिकेत जुनी पद्धत विचारली तर परीक्षेपुरते जुने उत्तर लिहा. प्रकल्पात मात्र ती वापरू नका. परीक्षेत चुकलात तर गुण तुमचे जातील. प्रकल्पात चुकलात तर ज्यांनी विश्वासाने आपले नाव, नंबर आणि पासवर्ड भरला, त्यांचे नुकसान होईल.