‘नेटिव्ह’ : एका शब्दाची झडती

शिरूरला इंग्रजीचा प्राध्यापक म्हणून रुजू झालो तेव्हा भाड्याची खोली शोधत होतो. घरमालकाने पहिलाच प्रश्न केला, “सर, नेटिव्ह कुठलं?” म्हटले, “दौंड.” “ते झालं हो. मूळ गाव?” दौंडच्या रेल्वेत गँगमन म्हणून उभा जन्म काढलेल्या बापाचा मी मुलगा, घरातला पहिला पदवीधर. गावाचे नाव सांगितले. पुढचा प्रश्न आला : “गावात कुठल्या बाजूला?” खोली मिळाली नाही.

जातीचे नाव न घेता जात काढून घेणारा हा शब्द मराठीत निर्धास्त वावरतो. म्हणून त्याची झडती घेणे अगत्याचे आहे.

लॅटिनमध्ये ‘नास्की’ म्हणजे जन्मणे. त्यावरून ‘नातिवुस’, आणि त्यावरून ‘नेटिव्ह’. मध्ययुगीन इंग्लंडच्या दप्तरात ‘नातिवुस’ म्हणजे जन्मानेच जमीनदाराला बांधलेला भूदास. पुढे साहेबाने हा शब्द जिंकलेल्या मुलखातल्या माणसांना लावला. लॅटिन ‘नास्की’ आणि संस्कृत ‘जन्’ हे धातू एकाच कुळातले. ‘जन्’पासून जन्म आला, तशी जातीही आली. व्युत्पत्तीच्या हिशेबाने घरमालक चुकला नव्हता!

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री याच शिरूरहून ‘बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री’ची पलटण कोरेगाव भीमाकडे निघाली. दुसऱ्या दिवशीच्या लढाईत पडलेल्या महार शिपायांची ‘नाक’ प्रत्ययाची नावे विजयस्तंभावर कोरली आहेत. साहेबाच्या लेखी सारेच शिपाई ‘नेटिव्ह’ होते. पण १८९० च्या दशकात ‘लढवय्या जातीं’चा सिद्धांत बोकाळला आणि महारांची भरती बंद झाली. पुन्हा जन्मच आडवा आला.

आपल्या ‘वतन’ शब्दाची कथा वेगळी नाही. अरबीत वतन म्हणजे मायभूमी. आमच्या वाट्याला ती ‘महारवतन’ होऊन आली, म्हणजे गावाची पडेल ती चाकरी. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात या वतनाविरुद्ध विधेयक मांडले. कनिष्ठ वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने.

तरीही प्रस्थापित समीक्षेला ‘मातीची ओढ’ हा अस्सलपणाचा निकष वाटतो. त्या मापाने दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) कसे मोजणार? त्यांची शीर्षकेच या निकषाला उत्तर देतात. एक गावाने चाकरीच्या बदल्यात टाकलेल्या वाट्याचे नाव आहे. दुसरे, ज्याला गावच नाही त्याचे. माती सर्वांची असती तर ओढही सर्वांची असती.

संविधानाच्या कलम १५ ने भेदभावाला मनाई करताना ‘जात’ आणि ‘जन्मस्थान’ ही दोन्ही कारणे नावानिशी सांगितली आहेत. घरमालकाच्या प्रश्नातली पळवाट घटनाकारांनी आधीच ओळखली होती.

वर्गात ‘नेटिव्ह’ शिकवताना शेजारी मी ‘नेशन’ लिहितो. तोही त्याच धातूचा. परवा एका मुलीने विचारले, “सर, मग नेटिव्ह विचारलं तर काय सांगायचं?” म्हटले, “गाव सांग, बाजूही सांग. लाज विचारणाऱ्याला वाटली पाहिजे, आपल्याला नाही.”