परतीच्या हवेचा हिशेब

नववीच्या वर्गात आम्ही एकदा एक सोपे गणित घातले. एक पाणबुडा पाठीवरच्या सिलिंडरमध्ये हवा घेऊन पाण्याने भरलेल्या गुहेत शिरतो. ज्या वाटेने आत गेला, त्याच वाटेने त्याला बाहेर यायचे आहे. आत जाताना त्याने जास्तीत जास्त किती हवा वापरावी? भराभर हात वर झाले आणि जवळजवळ सगळ्यांचे उत्तर आले : निम्मी. अंकगणित म्हणून या उत्तरात काही चूक नाही. मात्र त्यावर विसंबून गुहेत गेलेल्या माणसाला वाटेत क्षुल्लक अडचण आली, तरी तो परत येणार नाही.

मग बरोबर उत्तर कोणते, आणि ते का, हे समजावून सांगणारी एक छोटी पुस्तिका आहे. तिचे नाव ‘बेसिक केव्ह डायव्हिंग : अ ब्ल्यूप्रिंट फॉर सर्व्हायव्हल’. ती १९७९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. लेखक शेक एक्सली हे फ्लोरिडातील शाळेत गणित शिकवीत आणि सुटीच्या दिवशी तेथील चुनखडीच्या गुहांत बुड्या मारीत. आमच्या वाचकांपैकी फारच थोडे कधी स्कूबाचे साहित्य अंगावर चढवतील. तरीही ही पुस्तिका शिक्षकांनी समजून घ्यावी असे आम्हाला वाटते, आणि तिच्यातील उणिवाही तितक्याच बारकाईने पाहाव्यात असे वाटते.

मालवण-तारकर्लीच्या समुद्रात प्रशिक्षकाचा हात धरून खाली उतरणाऱ्या पर्यटकाच्या डोक्यावर मोकळे पाणी असते. काही बिघडले तर त्याला सावकाश वर आणता येते. गुहेत डोक्यावर खडक असतो. वर जाण्याचा मार्ग प्रवेशद्वारापाशी, म्हणजे कधी कधी शेकडो मीटर मागे असतो. तळाचा गाळ ढवळला गेला की समोरचा हातही दिसेनासा होतो. म्हणून समुद्रात पुरेसे ठरणारे साहित्य गुहेत पुरेसे ठरत नाही.

पुस्तिकेची रचना मोठी बोलकी आहे. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी खरोखर घडलेला एक अपघात सांगितला आहे. त्यानंतर त्याची कारणमीमांसा येते आणि शेवटी नियम. असे दहा नियम आहेत. बाहेरच्या मोकळ्या पाण्यापर्यंत अखंड पोचणारी मार्गदोरी वापरा, दोन तृतीयांश हवा परतीसाठी राखा, साधी हवा घेऊन ४० मीटरपेक्षा खोल जाऊ नका, प्रत्येकाजवळ किमान तीन दिवे ठेवा, वगैरे. आपण वर्गात बहुधा उलट करतो. आधी नियम फळ्यावर लिहितो आणि मग जमल्यास उदाहरण देतो. एक्सली आधी प्रसंग सांगतात, वाचकाला ‘इथे काय चुकले?’ असे विचारायला लावतात आणि नियम नंतर हातात ठेवतात. तो मग विसरला जात नाही.

आता त्या गणिताकडे वळू. समजा, पाणबुड्याजवळ १२ लिटरचे दोन सिलिंडर असून त्यांतील दाब २१० बार आहे. म्हणजे वातावरणाच्या दाबाला मोजलेली ५०४० लिटर हवा झाली. पृष्ठभागावर त्याला मिनिटाला २० लिटर हवा लागते. ३० मीटर खोलीवर एकूण दाब सुमारे ४ बार असतो, म्हणून तेथे ८० लिटर लागेल. एक तृतीयांश, म्हणजे १६८० लिटर हवेत तो २१ मिनिटे आत जाऊ शकतो. अगदी शेवटच्या टोकाला त्याच्या जोडीदाराचे उपकरण निकामी झाले असे धरा. आता एकाच साठ्यावर दोघांना परतायचे आहे. मिनिटाला १६० लिटर, २१ मिनिटे. लागणारी हवा ३३६० लिटर. शिल्लक हवाही नेमकी तेवढीच! ‘निम्मी’ या उत्तराप्रमाणे निघालेली जोडी मात्र परतीच्या अर्ध्या वाटेवरच हवेला मुकली असती.

हा हिशेब इतका नीटस जुळतो की तेथेच थांबण्याचा मोह होतो. पुस्तिकेबद्दलची आमची पहिली तक्रार येथेच आहे. एक तृतीयांशाचा नियम तिच्यातून बाहेर पडून जगभर घोषवाक्यासारखा पसरला. पण तो कोणत्या गृहीतांवर उभा आहे ते मागे राहिले. ज्याच्या उपकरणातून हवा येणे नुकतेच थांबले आहे तो माणूस शांतपणे श्वास घेईल काय? त्याचा वेग मिनिटाला २० ऐवजी ३० लिटर धरला, तर दोघांना ४२०० लिटर हवा लागेल आणि साठा सतराव्या मिनिटाला संपेल. दार अजून चार मिनिटे दूर असेल. गाळामुळे दोरी चाचपत यावे लागले तर वेळ आणखी वाढेल. म्हणजे एक तृतीयांश ही वापरायच्या हवेची कमाल मर्यादा आहे, तिला सुरक्षिततेची हमी समजू नये. सूत्र पाठ झाले पण गृहीतक विसरले, ही आपल्या वर्गांतली नेहमीची गोष्ट. येथे तिची किंमत गुणांत मोजली जात नाही, इतकाच फरक.

दुसरा मुद्दा पद्धतीचा. केवळ अपघातांवरून काढलेल्या निष्कर्षांना एक अंगभूत मर्यादा असते. दोरीशिवाय आत गेलेले आणि सुखरूप परतलेले लोक अपघातांच्या यादीत येत नाहीत. त्यामुळे एखाद्या चुकीने धोका नेमका किती पटींनी वाढतो, हे अशा यादीवरून सांगता येत नाही. चूक जीवघेणी ठरू शकते एवढे मात्र कळते, आणि सावधगिरीला तेवढे पुरते. पुढच्या काळातील अपघात-विश्लेषणात प्रशिक्षणाचा अभाव हे कारण अग्रभागी आले. या पुस्तिकेच्या दहा नियमांत त्याला स्वतंत्र स्थान नाही.

तिसरा मुद्दा साहित्याच्या निवडीचा, आणि तो आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एक नियम सांगतो की शक्य तितके सुरक्षित साहित्य वापरा. त्यामागील विचार असा. एकाच रेग्युलेटरला दोन मुखनळ्या जोडल्या, तर मूळ रेग्युलेटर बिघडताच दोन्ही निरुपयोगी होतात. त्याऐवजी दोन सिलिंडर नळीने जोडावेत आणि तिला दोन तोंडे ठेवून प्रत्येकावर स्वतंत्र रेग्युलेटर बसवावा. एक बिघडला तर त्याची झडप बंद करायची. दुसऱ्यातून दोन्ही सिलिंडरची हवा मिळत राहते. ही योजना उत्तम आहे. परंतु ती फ्लोरिडातली आहे. तेथील पाणी सुमारे २० ते २२ अंश सेल्सिअस, नितळ, आणि गुहा बऱ्याचदा ऐसपैस.

इंग्लंडमधील गुहा-बुडीचा इतिहास १९३५ साली वुकी होल येथे सुरू होतो. तेथे वापरलेला जड पोशाख जमिनीवरून पंपाने हवा पुरवावा लागणारा होता. पुढे तेथील लोकांनी वेगळीच रीत स्वीकारली : सिलिंडर पाठीऐवजी दोन्ही कुशींना, आणि एकमेकांना न जोडता. कारण त्यांच्या गुहा अरुंद, गढूळ. पाण्यापर्यंत पोचायलाच कोरड्या बोगद्यातून सरपटत जावे लागते. पाठीवरचे जोडसिलिंडर तेथे फटीत अडकतील. फ्लोरिडात जे सर्वांत सुरक्षित, तेच येथे धोक्याचे.

थंड पाण्याची गोष्ट आणखी निराळी. सिलिंडरमधील २०० बारची हवा रेग्युलेटरच्या पहिल्या टप्प्यात भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा फक्त सुमारे १० बार जास्त इतक्या दाबावर येते. अशी एकदम प्रसरण पावताना ती खूप गार होते. भोवतालचे पाणी ३-४ अंशांचे असेल तर यंत्रणेवर बर्फ धरतो, झडप उघडी अडकते आणि हवा धोधो वाहू लागते. श्वास मिळत राहतो, पण साठा झपाट्याने रिकामा होतो. म्हणूनच युरोपीय मानकात १० अंशांखालच्या पाण्यासाठी रेग्युलेटरची वेगळी चाचणी असते. पोशाखाचेही तसेच. निओप्रीन रबरातील हवेचे बुडबुडे खोलीवर बॉईलच्या नियमानुसार आक्रसतात आणि ऊब घटते; म्हणून तेथे पाणी आत न शिरणारा कोरडा पोशाख हवा. खोल बुडीत नत्रवायूची गुंगी टाळण्यासाठी हवेत हीलियम मिसळतात. पण हा वायू उष्णता हवेच्या सुमारे सहापट वेगाने वाहून नेतो, म्हणून तो पोशाखात भरून चालत नाही. एक अडचण सोडवणारी वस्तू दुसरी अडचण घेऊन येते, ती अशी.

२०१८ साली थायलंडच्या थाम लुआंग गुहेत अडकलेल्या १२ मुलांची आणि त्यांच्या प्रशिक्षकाची सुटका आपल्याला आठवत असेल. तेथील पाणी उपसण्याच्या कामात किर्लोस्कर ब्रदर्सच्या अभियंत्यांचाही सहभाग होता. या मुलांना औषधाने बेशुद्ध करून पाण्याखालून आणले. बेशुद्ध मूल दातांत मुखनळी धरू शकत नाही. म्हणून त्यांना पूर्ण चेहरा झाकणारे मुखवटे दिले. त्यांतील दाब भोवतालच्या पाण्यापेक्षा किंचित जास्त ठेवलेला असतो; फट राहिलीच तर हवा बाहेर जाते, पाणी आत येत नाही. त्यांना नेणारे अनुभवी ब्रिटिश पाणबुडे स्वतः मात्र आपल्या नेहमीच्या साध्या मुखनळीवर होते. गुहा तीच, पाणी तेच, पण माणसाची अवस्था वेगळी म्हणून साहित्य वेगळे.

तेव्हा ‘सर्वांत चांगले साहित्य कोणते?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या पाण्यात, कोणासाठी, आणि त्यातले काय बिघडले तर पुढे काय, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही. एक्सलींच्या प्रत्येक अपघातकथेतून हा प्रश्न डोकावतो. नियमाच्या ओळीत मात्र तो हरवतो.

एक्सली ६ एप्रिल १९९४ रोजी मेक्सिकोतील साकातोन या पाण्याने भरलेल्या प्रचंड विवरात मरण पावले. त्यांच्या मनगटावरील उपकरणाने सुमारे २७० मीटर खोली नोंदवली होती. मृत्यूचे नेमके कारण ठरवता आले नाही. ते साध्या हवेवर नव्हे तर मिश्रवायूंवर उतरले होते आणि नवख्यांसाठी लिहिलेल्या पुस्तिकेच्या कक्षेबाहेरची ती बुडी होती. तेव्हा तिच्यावरून पुस्तिका खोटी पडली असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु तिच्यातील शेवटचा नियम फाजील आत्मविश्वासाने आपलेच नियम मोडण्याचे समर्थन करू नका, असे बजावतो. तो वाचताना लेखकाचे मरण मनात आल्याशिवाय राहत नाही. इतरांच्या अपघातांकडे ज्या परखडपणे त्यांनी पाहिले, त्याच नजरेने त्यांच्या अखेरच्या बुडीकडे पाहणे हाच त्यांचा खरा मान ठरेल.

शिक्षकांना आमची सूचना एवढीच. वर्गात हे गणित घाला. ‘निम्मी’ हे उत्तर येऊ द्या, ‘एक तृतीयांश’ही येऊ द्या. मग विचारा : जोडीदार घाबरला तर? त्याचा सिलिंडर तुमच्यापेक्षा लहान असेल तर? पाणी गोठण्याच्या बेताला असेल तर? मुले आकडे बदलून पुन्हा हिशेब मांडू लागली की पुस्तिकेचे काम झाले.