प्रमाणपत्र आणि आरोपीचा बचाव : खोतकर निकालाची चिकित्सा

संगणकीय गुन्ह्यांसाठी प्रत्येक राज्याचा वेगळा कायदा आहे, असा समज विद्यार्थ्यांत नेहमी आढळतो. वस्तुतः माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा केंद्राचा कायदा असून तो सुरतेत आणि जालन्यात सारखाच लागू आहे. राज्याचा हात दिसतो तो तपासात. कलम ७८ प्रमाणे हा तपास निरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याला करता येत नाही. तथापि आरोपीची सुटका बहुतेक वेळा कलमांच्या शब्दांपेक्षा पुराव्यावर ठरते. म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या १४ जुलै २०२० च्या निकालाची चिकित्सा येथे केली आहे.

हा वाद मुळात निवडणुकीचा होता. २०१४ मध्ये जालना विधानसभा मतदारसंघात अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांचा २९६ मतांनी पराभव केला. उमेदवारी अर्ज मुदतीनंतर स्वीकारला गेला, हे दाखवण्यासाठी निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रफिती पुढे आल्या. पण पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चे प्रमाणपत्र वारंवार मागूनही मिळाले नाही. न्यायालयाने ठरवले की इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य आहे आणि तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले तर त्याची गरज नाही. सर्व प्रयत्न करूनही ते मिळाले नाही, तर पक्षकाराला अशक्य गोष्टीची सक्ती नाही. हा नियम फौजदारी खटल्यांनाही लागू आहे.

निकालाची ही बाजू निःसंशय स्वागतार्ह आहे. मात्र दोन उणिवा नजरेआड करता येत नाहीत.

पहिली उणीव संरक्षणाच्या मर्यादेची. तपासात एखादी नोंद जप्त झाली, तर त्या काळातील नोंदी दूरध्वनी व इंटरनेट कंपन्यांनी वेगळ्या व सुरक्षित ठेवाव्यात, म्हणजे बचावासाठी त्या मागवता येतील, असा निर्देश न्यायालयाने दिला. परंतु पोलिसांनी काहीच जप्त केले नाही तर काय? आरोपी त्या वेळी अन्यत्र होता, हे दाखवणारी नोंद खटला उभा राहीपर्यंत पुसली गेलेली असू शकते. म्हणजे आरोपीच्या उपयोगाची नोंद टिकणे हे सरकार पक्षाच्या तत्परतेवर अवलंबून राहते.

दुसरी उणीव खर्चाची असून ती नव्या कायद्याने वाढवली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. दुसऱ्या भागावर तज्ज्ञाची सही लागते व नोंदीचे हॅश मूल्य लिहावे लागते. फाईलीत एका अक्षराचा बदल झाला तरी हे मूल्य बदलते. त्यामुळे छेडछाड उघडी पडते, हा लाभ मोठा आहे. परंतु ही अट आरोपीच्या पुराव्यालाही आहे. कारखान्यात काम करणाऱ्या बापाने मुलासाठी तज्ज्ञ कोठून आणावा?

आणखी एक भेद ध्यानी घ्यावा. प्रमाणपत्र प्रतीची खात्री देते. कळ कोणी दाबली हे सांगत नाही. उधना-लिंबायत भागात खानदेशातून आलेल्या अनेक घरांत सिमकार्ड वडिलांच्या नावे आणि फोन तिघा भावंडांच्या हाती, असे असू शकते. वापरणारा कोण, हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाचीच आहे, आणि खरा बचाव तेथूनच सुरू होतो.

अध्यापकांनी म्हणूनच तीन गोष्टी वर्गात सांगाव्यात. नोटीस आल्यास भीतीपोटी संदेश पुसू नयेत. त्याने संशय वाढतो व आपलाच पुरावा नष्ट होतो. फोन जप्त झाल्यास पंचनाम्यात उपकरणाचे वर्णन आणि हॅश मूल्य आले आहे का, ते पाहावे. कंपनीकडील नोंदी जपून ठेवण्याबाबत वकिलामार्फत न्यायालयात लवकर अर्ज करावा. अटकेत असलेल्या व्यक्तीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. निकालातील उणीव न्यायालय किंवा संसद भरून काढील तेव्हा काढील. तोपर्यंत वेळीच मिळालेली माहिती हाच गरीब विद्यार्थ्याचा आधार आहे.